पंचमीला कात्री चालवत नाहीत

"खरं सांगा टीचर, ह्या कामाला पगार कोण देतं?"

बाळासाहेबांचा हा प्रश्न मला नवा नव्हता. नोकरीत असताना तो आमच्या दवाखान्याच्या अकाउंट सेक्शननं विचारला, पेशंटच्या नातेवाइकांनी विचारला, माझ्या सासऱ्यांनी तर हयातभर विचारला. नवं एवढंच होतं, की या वेळी विचारणारा माणूस माझ्या उत्तरावर आपल्या मुलीचं पुढचं शिक्षण ठरवणार होता.

बाळासाहेब निपाणीचे. कागलच्या एमआयडीसीत कामाला. रविवार धरून, दोन बस बदलून ते माझ्या सांबऱ्याच्या घरी आले होते, सोबत मुलगी अश्विनी. पोरगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालेली, नर्सिंगला तिचं नाव लागलेलं. सोमवारी कॉलेजला हो किंवा नाही कळवायचं होतं. आणि पोरीनं घरात धरणं धरलं होतं, की नर्सिंग नको, आज्जीच्या टीचर करायच्या ते काम मला करायचंय. आज्जी म्हणजे बाळासाहेबांची आई, तानाक्का. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती माझी पेशंट होती. गेल्या वर्षी ती गेली.

मी करत होते ते काम म्हणजे रिक्रिएशन थेरपी. वॉर्डातले मराठी पेशंट मला 'खेळायच्या बाई' म्हणत आणि कन्नड पेशंट 'आटद टीचर'. अर्थ एकच. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दोन्ही भाषांत सारखाच हसायचा.

हे काम असतं काय, ते आधी सांगते. अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस दवाखान्यात येतो. डॉक्टर त्याचा जीव वाचवतात. फिजिओथेरपिस्ट लुळा पडलेला हात हलवून हलवून जागा करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या हाताला बटण लावायला, घास उचलायला पुन्हा शिकवतो. एवढं सगळं होऊनही पुष्कळ माणसं घरी गेली की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. हात हलतो, पण हलवावासा वाटत नाही. माझं काम तिथून सुरू व्हायचं. पत्ते, कॅरम, भजन, कुंडीतली रोपं, रांगोळी, त्या माणसाला जे आवडत असेल ते शोधून काढायचं आणि त्या आवडीच्या निमित्तानं त्याचं अंग आणि मन चालतं करायचं. बघणाऱ्याला वाटतं, बाई मजेत पत्ते कुटत बसलीय. पत्ता मी कोणत्या उंचीवर धरते, पेशंटला मुद्दाम दुबळ्या बाजूला का वळायला लावते आणि शेवटचा डाव कसा हरते, ते त्याला दिसत नाही. पेशंटला तर अजिबातच दिसू द्यायचं नसतं.

मी मुळात बी.पी.एड. झालेली, एका शाळेत तात्पुरती खेळाची शिक्षिका. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात नवा वॉर्ड निघाला, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी परदेशात हे काम पाहिलं होतं, त्यांना माणूस हवा होता. मला घेतलं खरं, पण दवाखान्याच्या मस्टरवर या नावाची जागाच नव्हती. पहिली काही वर्षं माझं नाव किचनच्या लोकांखाली येत होतं. पगाराला उशीर झाला की मी किचनच्या मुकादमाकडे तक्रार करायची आणि तो बिचारा दुसरं काही करता येत नाही म्हणून मला डोसा खायला घालायचा. एका पेशंटच्या जावयानं तर डिस्चार्जच्या वेळी बिलावरच्या 'रिक्रिएशन' या शब्दावर बोट ठेवून भांडण काढलं होतं. म्हणाला, सासऱ्यांना आम्ही बरं करायला आणलं होतं, चैन करायला नव्हे. तेवढी रक्कम वजा झाली. सासरे मात्र जाताना माझ्या खोलीतला सोंगट्यांचा पट मागून घेऊन गेले.

हे सगळं मी बाळासाहेबांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांना आकडा हवा होता. मी म्हटलं, आकडा सांगते, पण आधी हिला काही विचारू दे.

अश्विनीला मी पहिल्यांदा मार्क विचारले नाहीत, कन्नड विचारलं. बोलायला येतं का, नुसतं पेपर लिहिण्यापुरतं नव्हे, थट्टा करण्याइतकं. ती म्हणाली, शेजारपाजार सगळा कन्नडच आहे. मला बरं वाटलं. आमच्या या सीमेवरच्या दवाखान्यांत भाषा म्हणजे अर्धं औषध असतं. चिकोडीकडचे एक जैन व्यापारी आमच्याकडे होते, सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणत. दुकानात जन्मभर मराठी बोललेले, कागदपत्रं मराठीत, बायकोशी मराठी. झटक्यात त्यांची वाचा गेली. शब्द ओठावर यायचा आणि तिथंच अडकायचा, मग ते रागानं ताट सरकवायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, म्हणून आमची संध्याकाळची खेळाची वेळ मी दुपारवर आणली. तरी ते येऊन नुसते बसायचे, खेळायचे नाहीत. व्यापारी माणूस, खेळणं म्हणजे रिकामटेकडेपणा. एक दिवस कॅरमवर मी अगदी सोपी सोंगटी चुकवली. आप्पासाहेबांनी माझ्या हातातला स्ट्रायकर काढून घेतला आणि म्हणाले, "बिड्री, ना होडीतीनि." सोडा, मी मारतो. आईच्या मांडीवर बसून शिकलेली भाषा तेवढी शाबूत होती, आणि ती आम्ही कुणी त्यांच्याशी बोलतच नव्हतो. त्यांची बायको दाराशी उभी होती, ती मटकन खाली बसली. त्या दिवसापासून घरचे सगळे त्यांच्याशी कन्नड बोलू लागले आणि हळूहळू त्यामागून मराठीही परत आली.

"हे आज्जीनं सांगितलं नव्हतं," अश्विनी म्हणाली.

तुझ्या आज्जीच्या आधीची गोष्ट ही, मी म्हटलं. तानाक्काची आठवण आता खोलीत येऊन बसली होती. अश्विनीला तिची गोष्ट आज्जीच्या बाजूनं ठाऊक होती, बाळासाहेबांना त्यांच्या बाजूनं. माझ्या बाजूची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

तानाक्का विडी कामगार. निपाणीत अशा घराघरांत बायका आहेत. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं आणि जर्दा, हातात कात्री. पान मापानं कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडून बंद करायचं. बोटं इतकी चालतात की आपण बघत राहावं. तानाक्काला झटका आला तो उजव्या अंगावर. पाय लवकर सावरला, पण हात मुठीसारखा मिटलेला राहिला.

आमच्या कामात पहिल्या भेटीला विचारायचा ठरलेला प्रश्न असतो, तुमचे छंद कोणते. पुस्तकातून आलेला प्रश्न. आमच्या भागातल्या माणसांना तो विचारला की ती आपल्याकडे अशी बघतात, जणू आपणच पेशंट आहोत. बेळगुंदीच्या एका काकांनी पुष्कळ विचार करून 'झोप' असं उत्तर दिलं होतं. तानाक्कानं उत्तरच दिलं नाही. कॅरम पुढं ठेवला, ती बघत राहिली. पत्ते ठेवले, ती म्हणाली, "पोरांचा खेळ ह्यो." रबरी चेंडू दाबायला दिला तर तो मुठीतून घरंगळून पडायचा आणि ती तो उचलायला वाकायचीसुद्धा नाही. तरी फिजिओवाल्या मुलाच्या चिकाटीनं मूठ थोडी थोडी उघडायला लागली होती.

एका सुट्टीच्या दिवशी बाळासाहेब आले ते काखेत सूप मारूनच. सुपात कात्री, दोऱ्याची गुंडी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच सांगितलं, दवाखाना आहे म्हणून जर्दा आणला नाही, पण आईच्या हाताला ह्याचीच सवय, बोटं आपसूक वळतील. माणूस रात्रपाळी करून, न झोपता आला होता. आईवर जीव होता म्हणूनच आणलं होतं त्यानं ते. फिजिओवाला खूश झाला. डॉक्टर म्हणाले, याहून चांगला व्यायाम नाही. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. माणसाला त्याच्या कामापेक्षा जवळचं दुसरं काय असणार, असंच आपण सगळे धरून चालतो. आजारी मास्तरांच्या हाती आपण खडू देतो आणि टेलरच्या हाती सुई.

तानाक्कानं सुपाकडे एकदा पाहिलं. "ठेव तितं," एवढंच म्हणाली, आणि उजवा हात पदराखाली घेतला.

त्यानंतर तो हात पुन्हा मिटला. मूठ आधीपेक्षा घट्ट झाली. डॉक्टरांना शंका आली की दुसरा झटका येऊन गेला की काय, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. फिजिओवाला हिरमुसला. मी मात्र दोन दिवस एकच गोष्ट बघत होते. सूप कॉटच्या ज्या बाजूला ठेवलं होतं, त्या बाजूला तानाक्का तोंड करत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी ते सूप उचलून वॉर्डाच्या स्टोअरमधल्या कपाटात ठेवलं, परत येऊन तिच्याजवळ बसले आणि काहीच विचारलं नाही. कधीकधी न विचारणं हेच कामाचं असतं. बऱ्याच वेळानं तीच बोलली.

"टीचर, हात गेला तवा मला पयलं काय वाटलं सांगू? वाटलं, सुटलो एकदा."

मग तिनं सांगितलं. स्वतःची वेणी घालायला यायच्या आधी तिच्या मांडीवर सूप आलं होतं. आईनं दिलं. लग्न झालं, सासूनं दुसरं दिलं. बाळंतपणात आठवडाभर तेवढं बाजूला होतं, तेही पुरतं नाही. नवरा लवकर गेला, त्या बोटांवर तिनं बाळूला वाढवलं, त्याचं लग्न केलं. तक्रार म्हणून सांगत नव्हती ती. आमचं गाव कुठलं, आमचं पीक काय, तशा सुरात सांगत होती. मी विचारलं, मग या हाताला सुट्टी म्हणून कधी नव्हतीच का?

ती जरा वेळ आठवत राहिली. आणि तिचा चेहरा बदलला.

"पंचमीला," ती म्हणाली. "पंचमीला कात्री चालवत न्हाईत."

नागपंचमीला आपल्याकडे काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, जमीन उकरायची नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. पण कात्रीवर पोट असलेल्या बाईला हा नेम म्हणजे काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं. पान कापायचं नाही म्हटल्यावर विडी वळायचीच नाही. सूप भिंतीला पालथं उभं. सकाळी लाह्या, तंबिटाचे गूळ-पिठाचे लाडू, आणि मग माहेरच्या गल्लीत दिवस मावळेपर्यंत फुगडी. तानाक्का म्हणाली, "मला हरवणारं कोण न्हवतं. समोरची दमायची, मी न्हाई." हे सांगताना तिनं नकळत दोन्ही हात पुढं केले होते. उजवा पदराबाहेर होता.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, तानाक्का, आजपासून माझ्या खेळाच्या खोलीत रोज पंचमी. तिथं कात्री नाही, सूप नाही, कुणी कामाचं नाव काढायचं नाही.

ती हसली. अर्धंच तोंड हसलं, पण पुरेसं होतं.

उभ्यानं फुगडी शक्यच नव्हती. समोरासमोर दोन खुर्च्या घेतल्या. फुगडीत हात कैचीसारखे धरायचे असतात, उजव्यात उजवा, डाव्यात डावा, आणि मग दोघींनी मागं रेलायचं. मी रेलले. पहिल्या दिवशी तिचा उजवा हात सुटला. दुसऱ्या दिवशीही सुटला. मी माझी खुर्ची बदलून स्टुलावर बसायला लागले, पाठीला टेकायला काही नाही. मी तेव्हाही अंगानं बऱ्यापैकी होते, आता तर विचारूच नका. एके दिवशी मी जरा जास्तच मागं गेले. खरंच तोल गेला. आणि तानाक्काच्या उजव्या हातानं माझा हात गच्च धरला.

"पडशीला की वो टीचर," ती ओरडली.

आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो. रबरी चेंडू ज्यानं धरला नाही, सवयीच्या कामासाठी जो उघडला नाही, तो हात एक जाडी बाई पडू नये म्हणून कामाला आला होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मला समजलेली मोठी गोष्ट हीच. ज्या हाताला चालावंसं वाटेल असं कारण आपण दिलंच नाही, त्याला नुसता व्यायाम देऊन काय उपयोग?

पुढं ती उभी राहिली, कमरेला पट्टा बांधून, बाजूला फिजिओवाला धरून. हळूहळू पावलं टाकत आम्ही गोल फिरायचो. वॉर्डातल्या बाकीच्या बायका टाळ्या वाजवायच्या, एक कन्नड आज्जी गाणं म्हणायची. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी टेबलावर लाह्या सांडल्या होत्या. तानाक्कानं बोलता बोलता उजव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक लाही टिपून तोंडात टाकली. मी बघितलं. तिनं मला बघताना बघितलं.

दुपारी बाळासाहेब न्यायला आले. सामान उचललं, सूपही कपाटातून काढून घेतलं आणि आईसमोरच मला विचारलं, आई आता विड्या वळेल का. डॉक्टरांना हाताची सगळी प्रगती मी सांगितलेलीच होती. त्यातलं काही लपवायचं कारण नव्हतं. पण हा प्रश्न हाताचा नव्हता. तानाक्का माझ्याकडे बघत होती.

"हात त्यांचा आहे," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."

त्यांनी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "न्हाई रं बाळू. बोटं वळत न्हाईत." बाळासाहेबांनी मान डोलावली, सूप काखेत घेतलं आणि आईला दुसऱ्या हातानं धरून बाहेर नेलं.

हे मला पुढं बरीच वर्षं टोचत राहिलं. तानाक्काच्या बाजूनं मी उभी राहिले, त्याचा पश्चात्ताप नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या घरातले दोन चालते हात मी थांबवले, ही रुखरुख होती. घरात लहान पोरगी, मिळवणारा एकटा मुलगा. माझ्या खोलीतली पंचमी त्या घराला परवडली का, हे मला कधीच कळलं नाही. दवाखान्यातून गेलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे आमच्या कामात सहसा कळत नाही. नर्सला नाही, फिजिओला नाही, मला तर नाहीच.

एवढं मनात आलं, पण बाळासाहेबांसमोर मी त्यातलं लाह्यांचं काही बोलले नाही. फुगडीची गोष्ट सांगितली आणि थांबले. मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, जसं आहे तसं.

सांगितलं, की या कामाला मागणी आहे, पण त्या नावानं जागा थोड्या. सरकारी दवाखान्यात या नावाची जागा मी तरी पाहिली नाही. खासगीत नव्या वृद्धाश्रमांत, व्यसन सोडवण्याच्या केंद्रांत, विसरभोळेपणाचा आजार झालेल्यांच्या घरांत, विशेष मुलांच्या शाळांत माणसं लागतात आणि येत्या काळात अजून लागतील, कारण पोरं पुण्या-बंगळूरला आणि म्हातारी माणसं इथं, हे घरोघरी झालंय. पण जाहिरातीत 'ॲक्टिव्हिटी टीचर' वगैरे काहीतरी लिहिलेलं असतं. सुरुवातीचा पगार खासगी शाळेतल्या मास्तरणीएवढा. मग आकडाही सांगितला. फिजिओला याहून जास्त मिळतो, आणि नर्सला तर परदेशाची वाट मोकळी असते. कुठं पैसे कमी पडले की पहिली गदा खेळायच्या बाईवर येते, तेही सांगितलं.

आणि अश्विनीला म्हटलं, तरी करायचंच असेल तर एकदम यात उडी घेऊ नको. आधी हाताशी पक्की डिग्री घे, ऑक्युपेशनल थेरपीची. त्यासाठी बाहेरगावी जावं लागेल. नाव मोठं, कुठंही भाकरी मिळते, आणि मग त्यात खेळ आपला आपण आणता येतो. माझ्यासारखं किचनच्या मस्टरवर राहायची वेळ तुझ्यावर नको. नर्सिंग केलंस तरी हे सगळं वाया जाणार नाही. बापाला मनवण्यापुरतं ऐकू नको, खरंच विचार कर.

मला वाटलं, पोरीचा चेहरा पडेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "टीचर, मी आज्जीसंगं फुगडी खेळलेय. दरवर्षी पंचमीला. मागच्या खोलीत, कडी लावून. दोन्ही हातांनी. आप्पांना सांगू नको म्हणायची."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आप्पा, म्हणजे बाळासाहेब, शेजारीच बसलेत. तिनं ओठ दाताखाली धरला. इतक्या वर्षांनी, तानाक्का नसताना, ही गोष्ट अशी माझ्याच घरात उघडी पडायची होती. मी बाळासाहेबांकडे बघायचं टाळलं.

"ठावं हाय मला," बाळासाहेब म्हणाले.

ते कपातल्या चहाकडे बघत बोलत होते.

"दवाखान्यातनं आलेल्या पयल्याच वर्षी. कंपनीतनं लवकर आलतो. मागच्या बाजूनं हसायचा आवाज आला. आई अशी हसल्याली मी कधी ऐकली न्हवती. खिडकीतनं बघितलं तर ह्या पोरीला धरून फिरत हुती. उजव्या हातानं. घट्ट."

"मग?" अश्विनीनं विचारलं.

"मग काय. परत फिरलो, कट्ट्यावर बसलो तुमचं हुईस्तवर. दुसऱ्या दिशी सूप आन् कात्री शेजारच्या आक्काला दिऊन टाकली. आईनं कुठं गेलं इचारलं न्हाई. मी सांगिटलं न्हाई."

वरून एक विमान उतरत होतं, सांबऱ्याला विमानतळ असल्यानं ते इतकं खालून जातं की भांडी थरथरतात, ते जाईपर्यंत बोलता येत नाही. माझी इतक्या वर्षांची रुखरुख त्या आवाजात विरून गेली, असं म्हटलं तर खोटं होईल. ती गेली ती नंतर, अश्विनीनं सांगितलं तेव्हा, की आप्पा त्या वर्षापासून दुहेरी पाळी करतात आणि ती का ते तिला आत्ता कळलं. बाळासाहेब तिला म्हणाले, गप बस.

मी आत जाऊन चहा पुन्हा गरम करून आणला. चहा पिऊन त्यांनी मला त्या डिग्रीचं नाव परत विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा अश्विनीनं त्यांना दुरुस्त केलं. मंगळूरकडे सोय होते का, होस्टेल असतं का, हे विचारलं. नर्सिंगच्या कॉलेजला उद्या काय कळवणार, ते मी विचारलं नाही. त्यांनीच दाराशी चपला घालताना पोरीला सांगितलं, उद्या न्हाई म्हणून फोन कर.

बसथांब्यापर्यंत मी सोबत गेले. अश्विनी पुढं चालत होती. बाळासाहेब माझ्या चालीनं हळू चालत होते, मध्येच थांबले.

"टीचर, पगार कमी असतो म्हणालासा. पर देत्यात न्हवं?"

"देतात," मी म्हटलं.

"मग झालं की," ते म्हणाले, आणि बस आली तशी हात वर करून पुढं गेले.